अनुभव धागा : हाताला लागलेलं सेसना

वाऱ्याची पिशवी (ऑस्टिन)

परवा सेसना १७२ एस या चार सीटांच्या छोट्या विमानात बसलो होतो. अमेरिकेत दर दोन वर्षांनी इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून उडून दाखवावं लागतं, तेवढ्यापुरतं. उतरण्याआधी पॉवर कमी करायची वेळ आली आणि माझा उजवा हात आपोआप थ्रॉटलच्या (पॉवर कमी-जास्त करायच्या नॉबच्या) डावीकडे कार्ब हीटचा नॉब शोधायला गेला. नॉब नव्हताच. या इंजिनाला कार्बुरेटर नाही, इंधन थेट इंजेक्ट होतं, हे मला पाठ आहे. हाताला कोण सांगणार? इन्स्ट्रक्टर माझ्या मुलीच्या वयाची. हसून म्हणाली, "जुन्या एन मॉडेलवर शिकलात वाटतं!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कार्बुरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळायचं यंत्र. त्याच्या अरुंद गळ्यात हवा ताणली जाते, पेट्रोलची वाफ होते आणि तिथलं तापमान झपकन उतरतं. हवा दमट असेल तर बाहेर वीस अंश असतानाही आत बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरतं. म्हणून गरम हवा आत सोडायचा नॉब, तोच कार्ब हीट.

तर १७२ ची वंशावळ थोडक्यात. १९४८ चं सेसना १७० शेपटीच्या चाकावरचं. त्यालाच पुढे नाकाखाली चाक दिलं, ते १७२. पहिलं उड्डाण १९५५ मध्ये, कॅन्ससमधल्या विचिटात. सहा सिलिंडरचं १४५ हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटल इंजिन. १९६० मध्ये शेपूट तिरपी झाली, ती निव्वळ झोकात दिसावी म्हणून. १९६३ मध्ये मागची खिडकी आली. १९६८ ला लायकॉमिंग इंजिन. १९८६ मध्ये उत्पादन बंद, दहा वर्षांनी पुन्हा सुरू. आजवर ४४ हजारांहून जास्त बनली, इतकी दुसरी कुठलीच विमानं बनली नाहीत. आणि लांबून बघितलं तर विमान तेच : वर पंख, दोन्ही बाजूंना तिरके आधार, खाली तीन चाकं.

माझा प्रश्न एवढाच. तुम्ही या घराण्यातलं कुठलं विमान चालवलंत, दुरुस्त केलंत किंवा नुसतं मागे बसलात, आणि त्यातली कुठली खोड अंगाला लागली ती अजून सुटत नाही? येऊ द्या.

टेलव्हीलकाका (नाशिक)

मी शिकलो पुष्पकवर. सेसनाचा धागा आहे, पण तिथून सुरुवात केल्याशिवाय माझी गोष्ट कळायची नाही. पुष्पक बंगळूरच्या एचएएलचं (हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं), १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे त्याच्यामागचे. दोघांची जागा, ९० हॉर्सपॉवर, आणि चालू करायला समोर उभं राहून प्रोपेलर हाताने फिरवायचा. फिरवला की मागे सरकायचं, ही पहिली शिकवण. शेपटीचं चाक असल्यामुळे उतरल्यावर जरा पाय ढिला पडला की विमान गर्रकन फिरून आलेल्या दिशेला तोंड करायचं.

त्यानंतर क्लबात एक जुनं १७२ आलं. नाकाखाली चाक! पहिल्याच लँडिंगला ते सरळ पळालं तर मला फसवल्यासारखं वाटलं. त्याचे फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली सोडायच्या झडपा, हाताने ओढायचे होते. दोन सीटांच्या मध्ये जमिनीलगत लांब दांडा, मोटारीच्या हँडब्रेकसारखा. दहा, वीस, तीस, चाळीस, प्रत्येक खाचेला कट् असा आवाज. न बघता कळायचं किती फ्लॅप खाली आहेत ते. १९६५ पासून कंपनीने विजेचे केले. सोय झाली, पण आता मोटार गुणगुणते आणि मी काट्याकडे बघतो.

चाळीस अंशांवर ते विमान लिफ्टसारखं खाली यायचं. झाडं ओलांडून छोट्या पट्टीवर उतरायला बहार. मात्र ऐनवेळी उतरणं रद्द केलं, तर मे महिन्यातल्या दुपारी इंजिन नुसतं बोंबलायचं आणि विमान जागचं हलायचं नाही. १९८१ च्या १७२ पीमध्ये तीस अंशांवर मर्यादा आणली ती उगीच नव्हे. आजही मुलाच्या गाडीत बसलो की डावा... नाही, उजवा हात खाली जातो. मुलगा म्हणतो, बाबा, हँडब्रेक ओढू नका.

निळं_पेट्रोल (धुळे, आता मुंबई)

काका, मी १५२ वाली. दोन सीटचं धाकटं भावंड, ११० हॉर्सपॉवर, १९७७ ते १९८५ बनलेलं. माझं विमान १९८० चं, म्हणजे माझ्या आईहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. आत इन्स्ट्रक्टर आणि मी खांद्याला खांदा लावून. सर वळले की मलाही वळावं लागे. एप्रिलमध्ये खानदेशात सकाळी साडेनऊनंतर धावपट्टीवरची हवा अशी उकळते की शेवटच्या शंभर फुटांत विमान भोवऱ्यात सापडल्यासारखं.

२०२१ ची गोष्ट. अ‍ॅव्हगॅस म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल तेव्हा परदेशातून यायचं आणि ते आलं नाही म्हणून आम्ही आठवडेच्या आठवडे हॅंगरमध्ये पत्ते कुटत बसलो. फी मात्र आगाऊ घेतलेली. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते बनवायला घेतलं. माझं लायसन्स तोवर झालं होतं, काय म्हणणार!

खोड : उडण्याआधी पंखाखालून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढायचं आणि आकाशाकडे धरून बघायचं. निळं असलं पाहिजे, तळाशी पाण्याचा थेंब नको. आता हॉटेलात पाण्याचा ग्लास आला की मी तो आधी उजेडात धरते. वेटर विचारतो, मॅडम, काही पडलंय का?

विचिटाकर

ताई, तुझ्या १५२ ला पेट्रोल काढून बघायच्या अशा मोजक्या जागा. नव्या १७२ मध्ये किती असतील? तेरा. प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. पावसाळी सकाळी गुडघ्यावर बसून तेरा वेळा नळी भरायची म्हणजे प्रदक्षिणा घातल्याचं पुण्य.

मी या उद्योगात असतो, म्हणून मधल्या दहा वर्षांबद्दल थोडं. १९८६ ला उत्पादन थांबलं ते विमान वाईट होतं म्हणून नाही. तीस-चाळीस वर्षांचं विमान, मधे दहा मालक, कुणी काय केलं ठाऊक नाही, आणि अपघात झाला की दावा मूळ कंपनीवर. दाव्यांच्या विम्याचा बोजा इतका चढला की छोटी विमानं विकणंच परवडेना. १९९४ मध्ये अमेरिकेत कायदा झाला : १८ वर्षांनंतर बनवणाऱ्यावर दावा नाही (काही अपवाद सोडून). सेसनाचे प्रमुख रस मेयर यांनी आधीच शब्द दिला होता की कायदा झाला तर आम्ही पुन्हा सुरू करू. झाला, आणि कॅन्ससमध्येच इंडिपेंडन्स नावाच्या गावी नवा कारखाना उभा राहिला. तिथून आलेलं पहिलं १७२ म्हणजे आर मॉडेल. मग १८० हॉर्सपॉवरचं एस. वाऱ्याच्या पिशवीचा नॉब या कारखान्यात हरवला.

चेरोकीवाला (सिडनी)

पायपर चेरोकी कुणाला आठवतंय का? की इथे खालच्या पंखाच्या लोकांना प्रवेश नाही? आमचे पंख खाली, दरवाजा एकच आणि इंधनाची कळ डावी किंवा उजवी. सेसनासारखी 'दोन्ही' अशी जागाच नाही, कारण तुमच्यासारखं वरून आपोआप खाली वाहत येत नाही. दर अर्ध्या तासाने टाकी बदलायची. गेली सहा वर्षं सेसना चालवतोय, तरी अर्धा तास झाला की घड्याळ बघतो आणि अस्वस्थ होतो.

वाऱ्याची पिशवी

प्रवेश आहे! फक्त बाहेर पडताना एकेकाने, एकाच दरवाजाने.

तेलकट (हॅंगर नंबर दोन)

वैमानिक बोलले, आता खालचे बोलतात. १९७७ ला १७२ एन आलं, नवं १६० हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन. त्या एच मालिकेच्या इंजिनाने आमच्या पिढीला कामाला लावलं. गार इंजिन सुरू करताना वरच्या भागात तेल पोचायला उशीर, तेवढ्यात कॅम आणि टॅपेट (इंजिनाच्या झडपा उघडणारे भाग) एकमेकांना खरवडणार. मी तेलाचा फिल्टर कापून त्यातला कागद बोटांनी उलगडायचो, धातूच्या कणांची चमचम दिसली की मालकाचा चेहरा कसा होईल ते आधीच कळायचं. पी मॉडेलमध्ये ते इंजिन काढून टाकलं.

दुसरं, सीटचं रूळ. सीट मागेपुढे सरकते, तिची पिन रुळाच्या भोकात बसते. भोकं झिजली की टेकऑफच्या वेळी, नाक वर असताना, सीट सर्रकन मागे. वैमानिकाच्या हातात स्टिअरिंग, तो मागे जाताना तेही ओढतो, विमान आणखी उभं. माणसं गेली आहेत यात. १९८७ मध्ये रुळांच्या तपासणीचा हुकूम निघाला, तेव्हापासून भोकं मोजल्याशिवाय मी सही केलेली नाही. माझी खोड ओळखा : रिक्षा सोडून कुठल्याही वाहनात बसलो की दोन्ही पाय रोवून सीट मागे ढकलून बघतो. लग्नात खुर्चीसुद्धा.

डोंगराकाठची (डेन्व्हर)

आईबाबा इकडे आले तेव्हा दोघांना हौसेने फिरवायचं ठरवलं. नवरा, मी, ते दोघं. क्लबचं १७२ एम, १५० हॉर्सपॉवर. चार सीटा आहेत, म्हणजे चार माणसं बसतात, असं बाबांचं गणित. आमचा विमानतळ ५,८८५ फुटांवर, जुलै महिना. अशा दुपारी हवा इतकी विरळ की विमानाला आपण आठ-नऊ हजार फुटांवर आहोत असंच वाटतं. पंखाला उचल कमी, इंजिनाला दम कमी, प्रोपेलरला पकड कमी. टाक्या भरल्या तर माणसांसाठी साधारण तीनशे किलो उरतात. नावाला चार सीटा.

तेव्हा प्रत्येकाचं वजन हवं. बाबांनी सांगितलं. आई म्हणाली, "असं कुणी विचारतं का?" वर तिच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा. उडून भूक लागली तर!

खोड : पाहुणे आले की मी मनात त्यांचं वजन किलोत धरून बेरीज करत असते.

निळं_पेट्रोल

मग आईंचं वजन शेवटी कळलं का?

जुगारात_न_बसलेला (लास व्हेगास)

मागे बसणाऱ्यांनी लिहिलं तर चालेल म्हणालात, मी खाली उभा राहणारा. इथल्या विमानतळावर सामान येतं तिथे छताला एक १७२ टांगलंय. रॉबर्ट टिम आणि जॉन कुक ४ डिसेंबर १९५८ ला त्यातून उडाले आणि ७ फेब्रुवारी १९५९ ला उतरले. ६४ दिवस. रोज दोनदा रस्त्यावर पळणाऱ्या ट्रकच्या डोक्यावरून उडायचं आणि खालून नळी वर ओढून पेट्रोल भरायचं. दोन माणसं, एवढीशी केबिन. माझी बॅग उशिरा आली की मी वर बघतो आणि तक्रार करत नाही.

काचेचा_पोपट (पुणे)

मी सगळ्यांत धाकटा बहुतेक. माझं पहिलंच विमान १७२ एस, दोन मोठे पडदे असलेलं. घड्याळांसारखे सहा डायल मी पोस्टरवरच पाहिलेत. माझी खोड वाईट आहे : नजर आतच. नकाशा, वेग, उंची, वारा, शेजारचं विमान, सगळं पडद्यावर. तिसऱ्या दिवशी सरांनी न बोलता दोन्ही पडद्यांची चमक शून्यावर नेली. "आता सर्किट पूर्ण कर." म्हणजे धावपट्टीभोवती चक्कर मारून उतर. मला इंजिनाच्या आवाजावरून पॉवर सांगता येईना, नाक क्षितिजाच्या किती खाली ठेवायचं तेही ठाऊक नव्हतं. वाऱ्याची शीळ बदलते तसा वेग बदलतो, हे त्या दिवशी कानाला कळलं. उतरलो ते तीन उड्या मारत. गरम इंजिन पुन्हा सुरू करताना घाम फुटतो तो मुद्दा वेगळाच, इंजेक्शनच्या नळ्यांत वाफ धरते.

काका, तो दांडेवाला फ्लॅप कुठे चालवायला मिळेल?

टेलव्हीलकाका

बाळा, इथे कुठे असेल असं वाटत नाही. पण नाशिकला ये. मुलाची गाडी आहे, हँडब्रेक ओढून दाखवतो.

डोंगराकाठची

@निळं_पेट्रोल, नाही कळलं. टाक्या अर्ध्या केल्या, सकाळी सहाला उडालो, आणि नवरा खालीच थांबला. लाडू त्याच्याकडे.