रंगावर जाऊ नका, आधी वाकवून बघा

आंबोलीतल्या एका बुरशीचा फोटो टाकून ती कोणती आणि खाता येईल का, असं इथे विचारलंय. त्यातली केशरी 'बोटं' म्हणजे प्रवाळ-अळंबी (समुद्रातल्या प्रवाळासारखी दिसणारी अळंबी) असं वर दोघांनी म्हटलंय. मला तसं वाटत नाही. फोटो मोठा करून बघा: ती मातीतून नाही, सालीला चीर गेलेल्या कुजक्या फांदीतून आली आहेत, आणि अंगावर ओला तुळतुळीतपणा आहे. माझ्या मते ही कॅलोसेरा. दिसायला प्रवाळासारखी, पण जातकुळी जेलीवाल्या बुरशीची.

खात्री करायची तर एक बोट हलकेच वाकवा. कॅलोसेरा रबरासारखी वाकते. क्लॅव्हेरिया किंवा क्लॅव्ह्युलिनॉप्सिस, म्हणजे खऱ्या प्रवाळ-अळंब्यांपैकी असेल तर सहसा कट्‌कन मोडते. उरलेला तुकडा घरी वाळू द्या. कॅलोसेरा आक्रसून कडक, गडद केशरी काडी होते आणि पाण्यात टाकली की पुन्हा फुगते. हे बघायला फार छान वाटतं, मुलांना जरूर दाखवा.

झुडपासारखी दाट फांद्यांची असेल तर रामारिया या दुसऱ्या प्रवाळ-अळंबीचा विचार करा. काचेवर रात्रभर झाकून ठेवली की बीजाणूंचा (बुरशीच्या बियांसारख्या बारीक कणांचा) थर पडतो: रामारियाचा पिवळसर-तपकिरी, क्लॅव्हेरियाचा पांढरा. रंग मात्र वयाने आणि पावसाने फिका पडतो, म्हणून त्यावर विसंबू नये.

आणि 'खाता येईल का' या प्रश्नाला कळकळीने सांगते, नको. काही रामारियांनी जुलाब होतात. जपानमध्ये लालभडक शिंगांसारख्या एका विषारी बुरशीने माणसं दगावली आहेत, तीही लांबून प्रवाळच वाटते.

पुढच्या वेळी बुंध्याचा आणि ती कशावर उगवली त्याचा फोटो नक्की टाका.