ताप सेल्सिअसमध्ये मोजा म्हणणाऱ्यांना

रामबागकर: काल इथे कोणीतरी लिहिलं, 'ऊन सेल्सिअसमध्ये कळतं, मग अंगातला ताप अजून फॅरनहाइटमध्ये का? गुलामगिरी सोडा.' वाचून माझाच पारा चढला. मागच्या पावसाळ्यात मुलाने जर्मनीहून थर्मामीटर आणला. रात्री नातीच्या काखेत लावला, ३९.२. आई म्हणाली, "एकोणचाळीसच ना? झोपा मग." कपाळाला हात लावला तर चटका! गुणिले १.८, अधिक ३२ करत बसलो, निघाला १०२.५. तोवर बायकोने मीठपाण्याच्या पट्ट्या सुरूही केल्या होत्या.

इंदुरी दशमान: पोस्ट माझीच. काका, तुमचा ९८.६ मुळात ३७ च आहे. वुंडरलिख नावाच्या जर्मन डॉक्टरने १८६८ मध्ये ३७ लिहिला, त्याचंच हे रूपांतर. मे महिन्यात '४२ गेलं' म्हटलं की दुपारी राजवाड्याकडे फिरकायचं नाही, हे कळतं ना? तसंच हेही सवयीने कळेल. आणि बटण दाबून ठेवा, बऱ्याच थर्मामीटरांत एफ येतं.

सराफ्याची सून: सवय म्हणे! १९५७ ला नवे पैसे आले, तोळा गेला का? सासूबाईंच्या पाटल्या पाच तोळ्यांच्या. तशाच मला करायला टाकल्या, आल्या पन्नास ग्रॅमच्या. दुकानदार म्हणे, आता तोळा दहाचा. पैसे पन्नासचेच घेतले, पण शेजारी ठेवल्या की माझ्या बारीक दिसतात.

जीरावण: जुना तोळा ११.६६ चा, म्हणजे पाच तोळ्यांत ८.३ ग्रॅमचा फरक. ग्रॅममध्ये बोलला असतात तर?

सराफ्याची सून: लग्नाच्या बैठकीत 'शंभर ग्रॅम घालू' म्हणून बघा, कसं वाटतं.

जीरावण: तुमच्याकडे बैठकीत सोनं ठरतं वाटतं?

सराफ्याची सून: मुलीला आम्ही हौसेने घालतो. जीभ सांभाळा!

रामबागकर: अहो, ताप राहिला बाजूला.

गोळ्यावाली: माझं औषधाचं दुकान आहे. चिठ्ठीवर '१०० च्या वर गेल्यास' असंच लिहून येतं. सेल्सिअसवाल्याने ते वाचून करायचं काय, पाणी उकळायचं? जुनी गिऱ्हाइकं तर आकडाही सांगत नाहीत, पाऱ्याच्या थर्मामीटरवरचा नेहमीच्या तापमानाचा बाण बघून 'लाल बाणाच्या पुढे चार घरं' म्हणतात.

इंदुरी दशमान: बरं, चिठ्ठीचा मुद्दा मान्य. बाणाचा नाही.

रामबागकर: बटण सापडलं. माहितीपत्रक जर्मनमध्ये, नातीनेच दाबून दाखवलं. आता कायमचं एफवर. झालं समाधान?

इंदुरी दशमान: म्हणजे माझ्याच सल्ल्याने तुम्ही फॅरनहाइटवर गेलात. वा!