मदत हवी आहे: चार-चार तास घालून बसता येईल असा प्लेनर हेडफोन

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला गंगापूर रोडला राहते, गाणं शिकवते. सध्या एक काम हाती घेतलं आहे, ते म्हणजे आमच्या बाईंच्या तालमीच्या कॅसेट डिजिटल करून साफ करणं. बाई आता नाहीत. शिकवताना त्या आम्हाला टू-इन-वन शेजारी ठेवून रेकॉर्ड करू द्यायच्या. त्यामुळे कॅसेटमध्ये राग आहे, तंबोरा आहे, मध्येच थांबवून 'इथे निषाद चढा लागतोय' म्हणून केलेली दुरुस्ती आहे आणि या सगळ्यावर खरखरीचा थर आहे. आम्हा सगळ्या शिष्यांकडच्या मिळून खोकी भरतील एवढ्या कॅसेट जमल्या आहेत. त्या दरवर्षी थोड्या थोड्या खराब होत चालल्या आहेत, म्हणून हे लवकर व्हावं असं मनापासून वाटतं.

कॅसेट डेक, त्यातून छोटा ऑडिओ इंटरफेस (डेकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा डबा), लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर, एवढीच माझी सामग्री. खरा वेळ जातो तो ऐकण्यात. खरखर जास्त काढली की तंबोऱ्याची जवारी (तारांचा झणकार) निघून जाते, श्वास निघून जातो, आवाज रबरासारखा होतो. कमी काढली तर बाईंचं हळू आवाजातलं बोलणं कळत नाही. तोच अर्धा मिनिट पुन्हा पुन्हा ऐकून ठरवावं लागतं, आणि त्यात तीन-चार तास सहज जातात.

आत्ता माझ्याकडे जुना क्लोज्ड बॅक (कप मागून बंद असलेला) स्टुडिओ हेडफोन आहे, साधा डायनॅमिक, म्हणजे नेहमीचा कॉइलवाला. त्याचा खालचा आवाज फुगलेला आहे. डग्गा वाजला की बाकी सगळं त्याच्यामागे जातं. एप्रिल-मेमध्ये कान अक्षरशः भिजतात.

मध्यंतरी ओळखीच्यांकडे एक भारीतला प्लेनर मॅग्नेटिक (पातळ, सपाट पडद्याने आवाज काढणारा) हेडफोन ऐकायला मिळाला. माझीच फाइल लावून पाहिली. खर्जाची तार सुटल्यावर तिच्यातून जो गंधार वर येतो, तो प्रत्यक्ष तंबोरा मांडीवर घेऊन बसलं की ऐकू येतो. हेडफोनवर मी तो पहिल्यांदाच इतका स्पष्ट ऐकला. जोडीच्या दोन तारा किंचित बेसूर लागल्या आहेत हेही कळलं. ती कॅसेट मी कितीतरी वेळा ऐकलेली आहे, तरी हे कधी लक्षात आलं नव्हतं.

पण त्याचं वजन सहाशे ग्रॅमच्या वर होतं. थोड्याच वेळात टाळू दुखायला लागली आणि नंतर मान धरली. मला मानेच्या मणक्यांचा त्रास आहे, डॉक्टरांनी मान खाली घालून फार वेळ बसू नका असं सांगितलेलं आहे. म्हणजे तो हेडफोन कुणी फुकट दिला तरी माझ्या कामाचा नाही.

तर मला हे विचारायचं आहे: असा आवाज आणि मानेला झेपेल असं वजन, हे एकत्र मिळतं का? मला चष्मा आहे, कानात कुड्या असतात आणि केसांचा अंबाडा असतो, त्यामुळे हेडबँड कुठे टेकतो याने फार फरक पडतो. ओपन बॅक (कप मागून उघडा, जाळीचा) घ्यावा की क्लोज्ड, हेही कळत नाही. सिंहस्थाच्या कामांमुळे आमच्याकडे दिवसभर रस्ता खोदण्याचा आवाज असतो, म्हणून मी रात्रीच बसते. पण शेजारच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या असतात. बजेट लाखाच्या आत, आणि कमीत भागलं तर आनंदच आहे. वेगळा अँप (अँप्लिफायर) लागतो का, तेही सांगा.

---

षड्ज_पंचम

ताई, काम फार मोलाचं करताय.

आधी वजनाचं. प्लेनरमध्ये अतिशय पातळ पडद्यावर विद्युतवाहक पट्ट्यांची नक्षी असते आणि तो पडदा चुंबकांच्या रांगांसमोर ताणलेला असतो. बऱ्याच मॉडेलमध्ये चुंबक दोन्ही बाजूंना असतात. पडदा वजनाला काहीच नसतो, सगळा भार चुंबकांचा आणि त्यांना धरणाऱ्या चौकटीचा. डायनॅमिकमध्ये एक लहान चुंबक आणि कॉइल, म्हणून तो हलका.

कंपन्यांनी दिलेले आकडे असे आहेत: ऑडिझी एलसीडी-एक्स ६१२ ग्रॅम, एलसीडी-२ क्लासिक ५५०, हायफायमॅन एडिशन एक्सएस ४०५, हायफायमॅन सुंदारा ३७२. डॅन क्लार्क ऑडिओचा एऑन २ सव्वातीनशेच्या आसपास. तुलनेला सेनहायझर एचडी ६००, जो डायनॅमिक आहे, तो २६०.

तुमच्या मानेसाठी चारशेच्या वर जाऊच नका असं मी म्हणेन. पण नुसता आकडा पाहू नका, तो भार डोक्यावर कसा वाटला जातो हेही बघा. मेझे एम्पिरिअन ४३० ग्रॅमचा आहे, पण त्याचा पट्टा रुंद आणि दोन्ही बाजूंना पसरलेला असल्याने टाळूच्या एकाच जागी दाब येत नाही. तो तुमच्या बजेटच्या बराच बाहेर आहे. पट्टा कसा असावा हे कळावं म्हणून सांगितलं. उलट अरुंद, जाड गादीचा हेडबँड साडेतीनशे ग्रॅमलाही टोचतो.

---

सिडको_नाशिक

एचडी ६०० घ्या आणि कामाला लागा. १९९७ पासून तेच मॉडेल चालू आहे, सगळे सुटे भाग मिळतात. नवा असताना कानांवर घट्ट बसतो, तेवढं सोसावं लागेल.

---

धागाकर्ती

दोघांचेही आभार. एचडी ६०० बद्दल पुष्कळ ऐकलंय. पण मग तो गंधार मला त्यात ऐकू येईल का? माझा जीव त्यात अडकला आहे. बाईंची पट्टी काळी चार, तंबोरा पंचमाचा.

---

लाउडस्पीकर_दुरुस्ती

पट्टी सांगितलीत हे बरं झालं, आता नेमकं बोलता येईल.

काळी चारचा मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झ, म्हणजे खर्जाची तार १०४ हर्ट्झ. तिच्यातून येणारा गंधार हा पाचवा उपस्वर: १०४ गुणिले ५, म्हणजे ५२० हर्ट्झ. हा भाग कुठलाही बरा हेडफोन वाजवतो. तुमच्या जुन्या हेडफोनमध्ये तो वाजतच होता, पण फुगलेला खालचा आवाज त्याला झाकून टाकत होता. मोठा खालचा स्वर त्याच्या वरच्या हळू स्वरांना कानात दाबतो, हा श्रवणाचाच गुणधर्म आहे. तुम्ही ऐकलेल्या प्लेनरचा खालचा आवाज सपाट होता, म्हणून गंधार मोकळा झाला. माझं मत स्पष्ट आहे: तुम्हाला आवडलेल्या आवाजातला मोठा वाटा त्या समतोलाचा आहे, प्लेनर तंत्राचा त्या मानाने कमी. एचडी ६०० चा मधला भाग अतिशय सरळ आहे. गंधार त्यात नक्की ऐकू येईल.

मग प्लेनर कशासाठी घ्यायचा? तुमच्या कामात त्याला एक खरं कारण आहे, आणि ते म्हणजे हम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुन्या टू-इन-वनवर, तेही विजेवर लावून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ५०, १००, १५० हर्ट्झवर गुणगुण असण्याची शक्यता दाट. एचडी ६०० मध्ये ५० हर्ट्झ बराच उतरलेला असतो. हम राहून गेली तरी तुम्हाला कळणार नाही, आणि उद्या कुणी ती फाइल मोठ्या स्पीकरवर लावली की घुमेल. चांगला ओपन बॅक प्लेनर त्या पट्ट्यात सरळ खाली जातो आणि तिथे त्याची विकृतीही कमी असते, कारण पडदा एकाच जागी न ढकलता जवळजवळ सगळीकडून सारखा ढकलला जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे कृपया नीट वाचा. हमचा दुसरा पदर १०० हर्ट्झवर आहे आणि बाईंचा खर्ज १०४ वर. टेपचा वेग डगमगत असेल तर दोन्ही पसरून एकमेकांत मिसळू शकतात. ऑडॅसिटीत १०० वर रुंद नॉच (ठरावीक हर्ट्झचा आवाज कापणारा फिल्टर) लावलात तर हमबरोबर खर्जही जाईल, आणि मग तंबोरा पोकळ वाटेल. नॉच अगदी अरुंद ठेवा. आधी स्पेक्ट्रम (किती हर्ट्झवर किती आवाज आहे याचा आलेख) काढून दोन शिखरं वेगळी दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर १०० ला हातच लावू नका. नुसता ५० काढला तरी फरक पडतो. हा निर्णय कानांनीच घ्यायचा असतो, आणि त्यासाठी खालचा भाग खरा सांगणारा हेडफोन हवा. या एका कारणासाठी मी तुम्हाला सुंदारा किंवा एऑन २ ऐकून बघा असं सांगेन.



---

निफाडकर_ताई

चष्मा आणि कुड्या या विषयावर मी बोलू शकते, मी रोज हेडफोन लावून भाषांतराचं काम करते.

चष्म्याच्या जाड काड्या गादी उचलून धरतात. फटीतून हवा निघाली की खालचा आवाज गळतो, आणि क्लोज्ड बॅकमध्ये हे जास्त जाणवतं. म्हणजे वर दादा म्हणतात तो ५० हर्ट्झ तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. कामासाठी बारीक तारेच्या काड्यांचा एक चष्मा करून घ्या. दाबही कमी होतो, कानामागे दुखत नाही. कुड्या काढून बसा. मोठ्या गोल कपमध्ये पाळी मोकळी राहते, पण मळसूत्र मागून टोचतं. अंबाड्याचं म्हणाल तर ज्या हेडफोनला आतून वेगळा पट्टा असतो तो थोडा पुढे घेता येतो. मी तर कामापुरती सैल वेणीच घालते.

गाद्यांचं: उन्हाळ्यात बंद चामड्याच्या गाद्या नकोत. कापडी किंवा छिद्रांच्या बघा. मात्र गादी बदलली की आवाजही बदलतो, म्हणून कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेल्याच वापरा.

आणि लॅपटॉप उंचावर ठेवा! मान खाली गेली की हेडफोनचा भार मणक्यांवर कितीतरी जास्त येतो. चार जाड पुस्तकं खाली आणि वेगळा कीबोर्ड, एवढं आजच करता येईल.

---

धागाकर्ती

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! १०० आणि १०४ चं वाचल्यावर लगेच दोन फाइलींचा स्पेक्ट्रम काढून पाहिला. एकीत दोन शिखरं स्पष्ट वेगळी आहेत. दुसरीत एकच जाड डोंगर आहे, म्हणजे तिथे १०० ला हात लावायचा नाही हे पक्कं.

ओपन-क्लोज्डचं मात्र अजून ठरत नाही. आणि अँपचं राहिलं.

---

षड्ज_पंचम

ओपन बॅकमधून आवाज बाहेर जातो, छोटा रेडिओ हळू लावल्यासारखा. दार लावलं तर शेजारच्या खोलीत जवळपास काही जाणार नाही, त्याच खोलीत कुणी झोपलं असेल तर जाईल. तुमच्या सासूबाई दुसऱ्या खोलीत आहेत, तुम्ही रात्री बसता, मग ओपनच घ्या. कान कमी तापतात आणि तासन्‌तास ऐकायला मोकळं वाटतं. क्लोज्ड फक्त दिवसा, रस्त्याच्या आवाजात बसायचं असेल तर. एऑन २ दोन्ही प्रकारांत येतो, म्हणून तो लक्षात ठेवा.

अँप: सुंदाराला एका मिलिवॉटला ९४ डेसिबल मिळतात. तुमच्या इंटरफेसने तीसेक मिलिवॉट दिले तरी १०९ पर्यंत जाईल, कामाला हे पुरेसं आहे. इंटरफेसच्या माहितीत ३२ ओहमला किती मिलिवॉट ते लिहिलेलं असतं, बघून घ्या. प्लेनरचा रोध (इम्पिडन्स, ओहममध्ये मोजतात तो) सगळ्या स्वरांना जवळजवळ सारखा असतो, त्यामुळे साध्या इंटरफेसवरही त्याचा रंग बदलत नाही. एऑन फक्त १३ ओहमचा आहे, त्याला मात्र करंट जास्त लागतो, तिथे छोटा अँप घ्यावा लागेल. हायफायमॅनच्या सुसवारासारख्या, एका मिलिवॉटला ८३ डेसिबलच देणाऱ्यांच्या वाटेला आपण जातच नाही आहोत.

---

लाउडस्पीकर_दुरुस्ती

एक काळजी. प्लेनर मोठ्याने लावला तरी कर्कश वाटत नाही, म्हणून नकळत आवाज वाढत जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास असतील तर ८० डेसिबल आहे. खरखर शोधताना आवाज वाढवला की शोधून झाल्यावर खाली आणा.

आणि न ऐकता मागवू नका. मुंबईला हेडफोन ऐकून घेता येतात अशी दुकानं आहेत. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघालात तर संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येतं. फोन करून सुंदारा, एऑन २ ओपन आणि एचडी ६०० तिन्ही ठेवायला सांगा. सोबत तुमच्या न साफ केलेल्या फाइली न्या: एक नुसत्या तंबोऱ्याची, एक बोलण्याची, एक डग्गा जोरात असलेली. तिन्ही हेडफोनचा आवाज एका पातळीवर आणून मगच तुलना करा, कारण जरा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. नेहमीचा चष्मा घालून बसा. आणि जो आवडेल तो डोक्यावर निदान तासभर राहू द्या, मान सरळ ठेवून, दुकानदाराला आधीच सांगून. पाच मिनिटांत सगळेच हलके वाटतात.

---

धागाकर्ती

बारीक काड्यांचा चष्मा उद्याच टाकते करायला, तो हातात आला की मुंबईचं तिकीट काढते. चाचणीची फाइल म्हणून यमनची कॅसेट नेणार आहे, तीत सुरुवातीला बराच वेळ नुसता तंबोरा आहे आणि मागून हमही येते. तिन्ही हेडफोन ऐकून झाले की इथेच लिहीन. तोवर कुणी एऑन २ ओपन चष्म्यासह वापरला असेल तर कृपया अनुभव लिहा.