मागची मोकळी जागा: मोठ्या मुलांसाठी काय करता येईल?

सेक्रेटरी: नमस्कार. सोसायटीच्या मागच्या २४ × १७ मीटर जागेसाठी दोन प्रस्ताव आलेत: लॉन आणि बाकं, किंवा झोपाळा-घसरगुंडीचा आणखी एक सेट. बैठकीआधी मतं इथेच मांडा.

अनघा (बी-३०२): या दोन्हींत १२ ते १७ वयाची मुलं कुठेच नाहीत. त्यांच्यासाठी तिथे बास्केटबॉलसारख्या खेळांचं मैदान करूया. घसरगुंडी त्यांच्या मापाची नाही, लॉनवर ‘पाय ठेवू नये’ची पाटी लागणार, पार्किंगमध्ये चेंडू काढला की हटकलं जातं. मग ती जिन्यात बसतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयात रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी, आणि आठवड्यातून निदान ३ दिवस स्नायू-हाडांना ताण देणारं काहीतरी: धावणं, उड्या, लटकणं. २०१६ च्या आकडेवारीत जगभरातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं रोजच्या ६० मिनिटांत कमी पडत होती. मुलगे ७८ टक्के, मुली ८५.

प्रकाश (ए-१०४): मुलं मोबाइल सोडून खाली उतरतात कुठे? खर्च करून जागा ओसाडच पडायची.

अनघा (बी-३०२): प्रकाशदादा, मोबाइलचा वाटा आहेच. पण खाली गेल्यावर दहा मिनिटांत कुणीतरी ओरडणार हे माहीत असलं की मोबाइलच बरा वाटतो. लहान मुलाला आपण हाताला धरून बागेत नेतो. या वयात मूल स्वतः ठरवतं, स्वतः चालत जातं. त्यामुळे वाट कशी आहे, उजेड किती, रस्ता ओलांडता येतो का, तिथे आधीच कोण उभं आहे, या गोष्टींवर जाणं-न जाणं ठरतं.

ऋता (सी-७०१): अनघाकाकू, जनरेटर रूमच्या मागचं वळणही लिहा ना. मैदानावर कितीही दिवे लावले तरी तिथे जायला तेवढी एकच वाट आहे आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही. अंधार पडला की मुली तिथून जात नाहीत.

मिलिंद (ए-६०१): ऋताचा मुद्दा आधी घ्या, कारण तो स्वस्तात सुटतो. वळणावरची मेंदी कमरेच्या खाली, साधारण ७५ सेंमीपर्यंत छाटायची. भिंतीवर एक दिवा वळणाच्या अलीकडे आणि एक पलीकडे. एकच प्रखर फ्लडलाइट लावला तर डोळे दिपतात आणि त्यामागचा भाग आणखी काळा दिसतो. ही चूक हमखास होते.

मैदानासाठी सरासरी ७५ लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड हौशी खेळाला पुरतो. ६ ते ८ मीटर उंचीचे खांब, दोन्ही बाजूंना, खेळाच्या रेषेबाहेर. एकाच बाजूने उजेड टाकला तर सावल्या लांब पडतात आणि चेंडू दिसत नाही. दिव्यांची तोंडं खाली आणि वर झाकण, नाहीतर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये उजेड जाईल आणि महिन्याभरात दिवे बंद करायची मागणी येईल. टायमर लावा, म्हणजे रोजचा वाद नको.

प्रकाश (ए-१०४): आणि चेंडूचा आवाज? आमची खिडकी बरोबर तिथेच आहे.

मिलिंद (ए-६०१): तुमची अडचण खरी आहे. जास्त आवाज येतो तो बास्केटमागच्या पत्र्याच्या बोर्डाचा आणि ढिल्या जाळीचा. बोर्ड जाड पॉलिकार्बोनेटचा घ्यायचा, जाळी तारेऐवजी नायलॉनची, आणि जिथे बोल्ट तिथे रबरी वॉशर. बास्केट इमारतीपासून लांबच्या टोकाला. आवाज शून्य होणार नाही, म्हणून बंद करायची वेळ ठरवून पाटीवर लिहायची.

शलाका (डी-२०३): शाळेत खेळ शिकवते त्या अनुभवावरून सांगते, एकच मोठं मैदान करू नका. जाळीचा पिंजरा आणि एकच दार असलं की जो गट आधी घुसतो त्याचंच मैदान होतं, आणि तो बहुधा मोठ्या मुलग्यांचा असतो. व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात पाहणी झाली, तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या पुढे बागांमधल्या मुली झपाट्याने कमी होतात असं दिसलं. १९९९ मध्ये तिथल्या दोन बागांची फेररचना करताना मोकळ्या जागेचे भाग पाडले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. त्यानंतर मुली परत दिसू लागल्या.

आपल्याकडे असं बसतं: २४ मीटरपैकी १२ मीटर अर्ध्या बास्केटबॉलला (मैदान १२ × १०, बाकी मागच्या खांबाला). तीन-तीन जणांच्या खेळाचं अधिकृत माप १५ × ११ आहे, पण ते घेतलं तर कडेला धावायला जागा उरत नाही. उरलेल्या १२ × १७ मध्ये बॅडमिंटन, १३.४ × ६.१. मधोमध साधी जाळी. दोन भागांना दोन वेगळी दारं. खांबांना दोन-तीन उंचीवर हुक ठेवा, म्हणजे त्याच जाळीवर व्हॉलीबॉलसारखं खेळता येतं. उघड्यावर वारा असतो, पिसांचं शटल भरकटतं, नायलॉनचं घ्या.

आणि बाकं हवीतच, फक्त मैदानाच्या कडेला, समोरासमोर. या वयात आधी गप्पा, मग खेळ. बसायला जागा असेल तर न खेळणारीही येतात, आणि त्यातली काही पंधरा मिनिटांनी उठून खेळतात.

सेक्रेटरी: पेव्हर ब्लॉक पडून आहेत, तेच वापरूया का?

मिलिंद (ए-६०१): नको! सांध्यावर चेंडू वेडावाकडा उसळतो, आणि एखादा ब्लॉक ५ मिमी जरी वर आला तरी घोटा मुरगळू शकतो. दाबलेल्या भरावावर १०० ते १२५ मिमी काँक्रीट, ३-४ मीटरवर सांधे, उतार १ टक्का आणि तो एकाच दिशेला. कारागीर सवयीने मध्याकडे उतार काढतात, मग नेमकं बास्केटखाली तळं साचतं. वरचा थर गुळगुळीत घोटू द्यायचा नाही, ओला असतानाच झाडू फिरवून खरखरीत करायचा. बास्केट उत्तर किंवा दक्षिण टोकाला घ्या. पश्चिमेला घेतलं तर संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांत. रिंग ३.०५ मीटर उंचीवर. १२ वर्षांपर्यंतच्यांसाठी २.६० पर्यंत खाली येणारा स्टँड मिळाला तर उत्तम. खांब रेषेच्या मागे निदान १.२ मीटर, त्यावर २ मीटरपर्यंत फोम.

शलाका (डी-२०३): कोपऱ्यात लटकायचे तीन बारही, उंची ०.९, २.१ आणि २.४ मीटर. सगळ्यात खालचा महत्त्वाचा, कारण ज्यांना एकही पुल-अप जमत नाही ती मुलंमुली त्याखाली आडवं होऊन स्वतःला वर ओढू शकतात. पाइप बाहेरून ३२ ते ३४ मिमी. फॅब्रिकेटर हाताशी असलेला कुंपणाचा ४८ मिमीचा देतो, त्यावर लहान हाताची मूठच वळत नाही.

अनघा (बी-३०२): गेटबाहेरचंही बघू. सार्वजनिक बाग ५०० मीटरवर, म्हणजे पायी सहा-सात मिनिटं, तरी मुलं जात नाहीत कारण मधला रस्ता. पायी चालणाऱ्यांसारखे असुरक्षित लोक आणि गाड्या नेहमी एकत्र येतात तिथे ताशी ३० किमीची वेगमर्यादा असावी, असं रस्ता सुरक्षेवरच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे. नुसत्या पाटीने वेग उतरत नाही. गेटसमोर रस्ता ओलांडायला १० सेंमी उंच, वरून सपाट पट्टा आणि त्याच्या आधीचे काही मीटर पार्किंगमुक्त, एवढी मागणी लेखी द्यायला हवी. उभ्या गाडीमागून मूल एकदम पुढे येतं, ते चालकाला दिसतच नाही.

मिलिंद (ए-६०१): आतल्या रस्त्यालाही तेच. छोटे टोकदार गतिरोधक सायकल उडवतात. ३.७ मीटर लांब, १० सेंमी उंच, गोलसर करा आणि कडेला सायकलपुरती फट ठेवा.

प्रकाश (ए-१०४): ठीक आहे. पण काँक्रीट ओतल्यावर कुणी आलंच नाही तर?

शलाका (डी-२०३): म्हणून आधी तीन आठवडे खडूने रेषा आखू, सुटे खांब आणि जाळी लावू. संध्याकाळी ६, ७ आणि ८ वाजता, आठवड्यातले चार दिवस, कोणीतरी फक्त मोजायचं: मुली किती, मुलगे किती, बसलेले, चालणारे, जोरात खेळणारे. नावं लिहायची नाहीत. वळणावरचे दिवे मात्र मोजणीच्या आधी लागले पाहिजेत, नाहीतर आकडा खोटा येईल.

ऋता (सी-७०१): आठची मोजणी मी करते. शलाकाकाकू, तक्त्यात ‘वाटेवरून परत फिरल्या’ असाही एक रकाना ठेवा.

सेक्रेटरी: ठेवतो. मिलिंद, उद्या सकाळी टेप घेऊन जागेवर या, रेषा आखून घेऊ.