दुसऱ्या लाइनची केमो की हॉस्पिस? (आई, वय ७२)

कोथरूडकर:
आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पोचलाय. पहिली केमो लागू पडली नाही, आता दुसऱ्या लाइनची सुचवलीय. दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ ती पडूनच असते. कुणी पॅलिएटिव्ह केअर म्हणतं, कुणी हॉस्पिस. फरक काय?

पर्वती_पायथा:
पॅलिएटिव्ह म्हणजे त्रास कमी करणारे उपचार, ते केमोबरोबरही चालतात, निदानाच्या दिवसापासून. आजारावरचे उपचार थांबवून फक्त त्रास कमी करत राहायचं, ते हॉस्पिस. हॉस्पिससाठी नेटवर दिसते ती ‘आयुष्य सहा महिने किंवा कमी उरलंय’ ही अट अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विम्याची, आपली नव्हे.

दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात म्हणजे ईकॉग ३ (पेशंट किती हिंडू-फिरू शकतो याची मोजपट्टी, ० म्हणजे ठणठणीत). या अवस्थेत केमोचा त्रासच जास्त. डॉक्टरांना सरळ विचारा, केमोने किती आठवडे वाढतील आणि त्यातले किती हॉस्पिटलात जातील? आईलाही विचारा. आपल्याकडे पेशंट सोडून सगळ्यांना विचारतात!

वारज्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे, मोफत. तिथे गेलं म्हणजे संपलं असं नाही. दुखणं आटोक्यात आलं की लोक घरी परततात. फाइल, शेवटचा स्कॅन आणि चालू गोळ्यांची यादी न्या.

नाइट_ड्यूटी:
गाडी अडते ती मॉर्फिनवर. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून. ‘दुखलं की घेऊ’ असं नाही. मध्येच कळ आली तर जादा डोस साधारण दिवसाच्या एकूण डोसच्या एक षष्ठांश, म्हणजे ६० मिग्रॅला १०. आकडा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. ते राहिलं की चौथ्या दिवशी पोट फुगतं आणि घरचे मॉर्फिनच बंद करून टाकतात. मळमळ बहुधा आठवड्यात ओसरते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गोळ्या मिळतीलच असं नाही, संपायच्या चार दिवस आधी आणा.

पर्वती_पायथा:
घरीच ठेवणार असाल तर दर दोन तासांनी कूस बदला. खायची बळजबरी नको, ओल्या कापसाने तोंड ओलं ठेवा. आणि फॅमिली डॉक्टरांशी आत्ताच बोला: घरी मृत्यू झाला तर ४-अ फॉर्मवर कारण लिहून सही कोण देणार? रात्री दोनला अनोळखी डॉक्टर देत नाही, आणि स्मशानभूमीचा पास तिथेच अडतो.

कोथरूडकर:
क्रिएटिनिन २.१ आहे. मॉर्फिन चालेल?

नाइट_ड्यूटी:
हे आधी सांगायचं! किडनी मंद असली की मॉर्फिन अंगात साठतं. गुंगी येते, हातपाय झटकतात. फेंटानिलच्या पॅचबद्दल विचारा, म्हणजे कातडीवर चिकटवायची दुखण्यावरची पट्टी. तो ७२ तासांनी बदलतात. पहिला लागू पडायला १२ तास तरी जातात, तोवर काय द्यायचं तेही विचारून ठेवा. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, औषध एकदम अंगात उतरतं.