प्रेरणा आतून येते की कुणीतरी कागद आणून देतं?

रेघोटी:
कुठल्याही चित्रकाराला प्रेरणा कुठून मिळाली असं विचारा, बालपण, निसर्ग, आई हीच उत्तरं येतात. मला ती अपुरी वाटतात. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचंच घ्या. डहाणू तालुक्यात गंजाडजवळचा पाडा, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे पोचले, कागद-रंग दिले आणि तिथून सगळं बदललं. त्याआधी वारली चित्र म्हणजे लग्नाचा चौक, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, आणि तो काढायचा सवाष्णींनी. पुरुषाने रोज बसून चित्रं काढायची ही पद्धतच नव्हती. हेच कुलकर्णी साठच्या दशकात बिहारच्या दुष्काळात मिथिलेत, म्हणजे मधुबनी चित्रांच्या भागात गेले होते, हस्तकलांचं काम बघणाऱ्या पुपुल जयकरांनी पाठवलं होतं, तिथेही भिंतीवर काढणाऱ्या बायकांना कागद दिला. दोन्हीकडे आधी साधन आलं, संधी आली, मग चित्रकार दिसले. प्रेरणेची गोष्ट मागाहून रचली जाते असं माझं स्पष्ट मत आहे.

ओलीमाती:
अजिबात पटलं नाही. म्हसे लहान असताना आई गेली, त्या धक्क्याने त्यांचं बोलणंच थांबलं आणि मातीत रेघा काढून ते आपलं म्हणणं सांगायचे. हे कुलकर्णी यायच्या कितीतरी आधीचं आहे हो! ज्याला बोलायला दुसरा मार्गच नव्हता त्याला तुम्ही संधीचं प्रॉडक्ट म्हणताय? त्यांचं मासे पकडायच्या जाळ्याचं चित्र एकदा नीट बघा, अख्खा कागद बारीक रेघांच्या जाळीने भरलेला, नजर कुठे ठरतच नाही. माणसं, पक्षी, किडे रात्रंदिवस हलत असतात, जीवन म्हणजे हालचाल, अशा अर्थाचं ते स्वतः सांगायचे आणि चित्रात तेच दिसतं. मागाहून रचलेली गोष्ट अशी हातात उतरत नाही.

रेघोटी:
दुःख खरंच होतं, ते मी नाकारत नाहीये. पण आई गेलेली मुलं त्या काळात पाड्यापाड्यांवर होती. पद्मश्री (२०११) एकालाच मिळाली कारण त्याचं काम कागदावर होतं, गॅलरीत नेता आलं. भिंत नेता येत नाही.

चौकातली:
दोघंही बायकांना एका वाक्यात उरकताय याचा राग येतोय. चौकात मधोमध पालघट, म्हणजे सुफलतेची देवी असते, तो चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत विधी पार पाडते. काढणारीला मूड आहे का असं कुणी विचारत नाही, लग्नाचा दिवस आला की बांबूची काडी हातात घ्यायची. तरी भोवतीची झाडं, कडेची नक्षी जिची तिची असते. मग ते कुठून आलं? त्यांना प्रेरणेबद्दल कुणी विचारलंच नाही म्हणून ती नव्हती असं होत नाही. म्हसेंनी काही आकाशातून आणलं नाही, चौकोन, त्रिकोण, गोल ही सगळी भाषा या बायकांच्या भिंतीवरची आहे.

रेघोटी:
तुम्ही तर माझ्याच बाजूने बोलताय, लग्न ठरलं म्हणून चित्र झालं. प्रसंग बाहेरूनच आला ना.

चौकातली:
नाही. प्रसंगामुळे चित्र कधी काढायचं ते ठरतं. काय काढायचं, किती जीव ओतायचा ते नाही ठरत.

ओलीमाती:
+१. आणि मिथिलेचं उदाहरण तुम्हीच काढलंत म्हणून विचारते. तिथल्या चित्रकार गंगा देवींना कॅन्सर झाला आणि त्यांनी त्या आजारपणावर, हॉस्पिटलच्या अनुभवावर चित्रमालिका केली. लग्नाच्या कोहबरात, म्हणजे नवरा-नवरीच्या खोलीतल्या भिंतीवरच्या चित्रात, असला विषय कधी नव्हता, त्यांच्या आई-आजीच्या भिंतीवर हॉस्पिटल नव्हतं. कागद मिथिलेत कितीतरी जणींना मिळाला होता, मग हा विषय त्यांच्याच हातून का आला ते तुमच्या साधन-संधीच्या थिअरीने सांगा ना.