घरच्या घरी हाताने हायलाइट्स: तुमचे अनुभव लिहा

सांजवेळ
कपाट आवरताना तळातून एक जुना चॉकलेटी टॉवेल निघाला. त्यावर फिकट नारिंगी ठिपके आणि एका कोपऱ्यात चक्क बोटांचे ठसे. आमच्या हायलाइट्सचा टॉवेल! कॉलेजात असताना मी आणि ताईने बाथरूममध्ये स्वतःला कोंडून घेऊन एकमेकींचे केस रंगवले होते. फॉइल नाही, ती भोकाभोकांची टोपी नाही, नुसता ब्रश घेऊन हाताने ओढलेले ब्लीचचे पट्टे. याला बालायाज म्हणतात आणि पार्लरमध्ये त्याचे वेगळे पैसे पडतात हे फार नंतर कळलं.

ताईचा हात हलका. बट डाव्या हातात ताणून धरायची, मुळांपासून चांगलं अंतर सोडायची, वरच्या भागात ब्रश उभा धरून नुसती कड टेकवायची. खाली येता येता ब्रश आडवा, आणि टोकांना दोन्ही बाजूंनी भरपूर लेप. एरवी तिचं तोंड मिटत नाही, तेव्हा मात्र एक शब्द नाही. तिचे केस मुळात तपकिरी, त्यामुळे सोनेरी झाक आली. माझ्या काळ्याभोर केसांवर तेच मिश्रण, तेवढाच वेळ, आणि रंग आला विटकरी. आई कितीतरी दिवस माझ्याकडे बघून मान हलवायची. मला तो विटकरी जाम आवडला होता, आजही सांगते.

कोणी कोणी घरी केलंय? लिहा पटापट.

खटपटी
मागची बाजू कोण करणार? आधी हे सांगा, मग बाकीचं. पुढच्या बटा आरशात बघून छान जमल्या. मागे हात वळवला तर डावं-उजवं कळेना आणि खांद्यात कळ. शेवटी नवऱ्याला हाक मारली. तो म्हणाला केवढा पट्टा? म्हटलं बोटभर. त्याने स्वतःच्या बोटाच्या मापाने ओढले!! अंगठ्याच्या असावेत, नक्की सांगता येत नाही.

सांजवेळ
हाहाहा. फोटो टाक.

खटपटी
नाही टाकणार.

मुक्काम पोस्ट
नवऱ्यांच्या बाजूने दोन शब्द. बायकोच्या मागच्या केसांचं काम आमच्याकडे माझ्याकडेच आहे आणि ते मी बरं करतो असं तीच म्हणते. युक्ती एवढीच की मानेकडून सुरुवात करायची. वरचे सगळे केस क्लिपने बांधून टाकायचे, खालचा एक पदर सोडायचा, त्यात बटा रंगवायच्या, वर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवायचा आणि मग पुढचा पदर सोडायचा. कागद नसेल तर वरच्या पदराचं खालच्याला लागतं आणि नको तिथे धब्बे येतात. बट घेतल्यावर वरचा भाग उलटा विंचरून थोडा गुंता करायचा. मग रंग जिथे सुरू होतो तिथे सरळ रेघ दिसत नाही. पट्ट्याचा वरचा आकार इंग्रजी व्हीसारखा ठेवायचा, म्हणजे कडा लांब, मध्य आखूड.

नंतर तो गुंता सोडवायला तिला वेळ लागतो आणि तेव्हा मी घरात थांबत नाही.

उडती चिमणी
प्लास्टिकचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. उघड्यावर मिश्रण वाळतं, आणि वाळलं की त्याचं काम थांबतं. मग लोक म्हणतात तासभर ठेवलं तरी काही झालं नाही. पातळ झालं तर ओघळतं तेही वाईट. दाट हवं, ब्रशवरून पडायला नको. बाकी संध्याकाळी लिहिते, कपडे वाळत घालायचेत.

रसायनवाली
सांजवेळ, विटकरी का आला ते सांगू? केसात दोन रंगद्रव्यं असतात. युमेलॅनिन म्हणजे काळं-तपकिरी, फिओमेलॅनिन म्हणजे लाल-पिवळं. ब्लीचपुढे युमेलॅनिन लवकर हार मानतं, दुसरं चिवट. त्यामुळे काळे केस उजळताना लालसर तपकिरी, नारिंगी, पिवळट नारिंगी, पिवळा अशा पायऱ्या उतरतात. तुमच्या ताईंना वरच्या पायऱ्या उतराव्याच लागल्या नाहीत, त्या आधीच खाली उभ्या होत्या. तुम्ही मध्येच थांबलात, आणि ते बरंच झालं. काळ्या केसांना एका बैठकीत फिकट पिवळ्यापर्यंत न्यायचा हट्ट केला की केस जातात.

ब्लीच पावडर ज्यात कालवतात तो डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याचा जोर व्हॉल्यूममध्ये मोजतात. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. घरी २० च्या वर जायचं कारण मला तरी दिसत नाही. हळू चालतं, पण बघायला आणि थांबवायला वेळ मिळतो.

हे सगळं मी वर्गात शिकवते तेव्हा मागच्या बाकावर झोपा चालू असतात. केसांचं उदाहरण दिलं की सगळे जागे.

दोन वेण्या
माझ्या नारिंगीवर जांभळा शाम्पू लावून लावून थकले, ढिम्म फरक नाही

रसायनवाली
पडणारच नाही. जांभळा पिवळ्याला मारतो. नारिंगीला निळा लागतो. निळा टोनर (ब्लीचनंतर छटा बदलायला लावतात तो) किंवा निळा शाम्पू बघा.

दोन वेण्या
आणि ही गोष्ट डब्यावर कुठेच का लिहीत नाहीत 😤

गप्पिष्ट
सांजवेळ, त्या टॉवेलवरचे डाग कशाने जातील माहितीये का कोणाला? माझ्या पायपुसण्यावर पण आहेत.

मुक्काम पोस्ट
ते डाग नाहीत हो, तिथला रंगच उडालाय. जाणार कुठून?

गप्पिष्ट
अरेच्चा. म्हणजे मी उगाच घासत बसले. बरं मग उरलेल्या पायपुसण्यावर पण ठिपके मारून टाकते, नक्षी म्हणून खपेल.

कुरळी
कुरळ्या केसांच्या बायका कुठे आहेत? सरळ केसांचे व्हिडिओ बघून करू नका गं. विंचरून, ताणून रंगवलेले पट्टे केस परत आक्रसले की कुठे जातात ते कळतच नाही. मी धुऊन, आपोआप वाळू देऊन, आहेत तशा कुरळ्या लटांवर रंगवते. एकेक लट उचलायची, तिचा बाहेरचा बाक जिथे उजेड पकडतो तिथेच लेप, आतल्या बाजूला काही नाही. ब्रशपेक्षा हातमोज्यांची बोटं बरी पडतात. जुना टूथब्रशही चालतो. खूप वेळ लागतो, मान दुखते, पण मग डोकं हलवलं की काय दिसतं!

कुरळे केस तसेच कोरडे, त्यामुळे दरवेळी थोड्याच लटा घेते. सगळं डोकं एकदम नाही.

उडती चिमणी
कुरळी, हे सेव्ह करून ठेवलं. बहिणीला पाठवते.

पानगळ
मी वर्षानुवर्षं मेंदी लावतेय. मला जमेल का हे?

रसायनवाली
पानगळ, कुठली मेंदी त्यावर आहे. शुद्ध मेंदीचा रंग केसातल्या केराटिन या प्रथिनाला घट्ट धरून बसतो, ब्लीचने पूर्ण निघत नाही, केशरी उरतं. ते चालत असेल तर हरकत नाही. पण काळी मेंदी किंवा तयार मिश्रणं असतील तर त्यातल्या काहींत धातूंचे क्षार असतात. त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतात, वाफ येते, तुटतात. कंगव्यात निघालेले केस जमवा, काचेच्या वाटीत डेव्हलपर घेऊन त्यात अर्धा तास ठेवा. वाटी गरम झाली, बुडबुडे आले, केसांचा रंग भलताच झाला तर विषय संपला. पूर्ण वाढून कापले जाईपर्यंत ब्लीच नाही.

पानगळ
बापरे. पुडीवर काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचते आता.

पार्लरवाली
मी रोज हेच काम करते, त्यामुळे घरी करू नका असं सांगायला हवं खरंतर 😄 पण सांगून कोण ऐकतंय. दुरुस्तीला कोणी आलं की माझा पहिला प्रश्न: टोकांना आजवर काय काय लावलंय? बाया सांगतात गेल्या महिन्यातलं. अहो, केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. कमरेपर्यंतच्या केसांचं टोक पाच-सहा वर्षांपूर्वीचं असतं. तेव्हा लावलेला काळा रंग अजून तिथेच आहे, आणि हाताने हायलाइट करताना सगळ्यात जास्त लेप तिथेच बसतो. रंगाने रंग उतरत नाही, त्याला ब्लीचच लागतं, आणि जुना काळा रंग पट्ट्यापट्ट्यांनी उतरतो. म्हणून एक बट आधी. कानामागची, आतली. ती धुऊन ओली असताना हलकेच ताणा. लांबून परत आली तर ठीक. लांबली आणि तशीच लोंबत राहिली तर त्या केसांत जीव नाही, पुढे जाऊ नका.

आणि लोखंडी वाटी, स्टीलचा चमचा घेऊ नका.

हिशेबनीस
धागा केसांचा आहे पण सांगतोच. आमच्या बंधुराजांनी उरलेलं ब्लीच वाया जाऊ नये म्हणून बाटलीत भरून घट्ट झाकण लावून ठेवलं. मध्यरात्री फटाक्! आम्हाला वाटलं गॅसचा सिलिंडर फुटला. बाथरूमच्या छतावर अजून पांढरा शिंतोडा आहे. आत ऑक्सिजन सुटत राहतो म्हणे.

रसायनवाली
म्हणे नाही, सुटतोच. कालवलेलं उरलं तर पाणी सोडून मोरीत.

हिशेबनीस
आता कळून काय उपयोग, छत रंगवायला मलाच चढायचंय.

शांताराम नाही
दमा असणाऱ्यांनी जपून. ब्लीच पावडरमध्ये पर्सल्फेट असतं, त्याची धूळ छातीला त्रास देते. पुडी फोडताना तोंड वळवा, खिडकी उघडी ठेवा. सांजवेळसारखं दार लावून बसू नका 🙂

सांजवेळ
दार आईमुळे लावलं होतं हो!

पांढरपेशी
मी पन्नाशी ओलांडली. माझ्या हायलाइट्स निसर्गाने केल्यात, हातानेच केल्यासारख्या, कानाजवळ दोन्हीकडे सारख्या. ऑफिसातली मुलगी विचारत होती कुठे केल्यात.

खटपटी
मग काय सांगितलंत??

पांढरपेशी
म्हटलं, अपॉइंटमेंट मिळत नाही सहसा.

बाकी गंमत सोडा. आधी मी सगळे केस एकरंगी काळे करायचे आणि तीन आठवड्यांत भांगात पांढरी पट्टी. आता त्याऐवजी आजूबाजूच्या थोड्या काळ्या बटा सून हलक्या करून देते. पांढरे त्यात मिसळून जातात, वाढ झाली तरी रेघ उमटत नाही कारण मुळांपाशी काही लावलेलंच नसतं. माझ्या मते याचा खरा फायदा आमच्या वयाला आहे, तरुण मुलींनी उगाच मिरवावं.

कुरळी
सून मागचं पण करते? कसली लकी आहात.

पांढरपेशी
मागचंच करते. पुढचं मी तिला हात लावू देत नाही.

नवी पालवी
सगळं वाचलं, आज रात्री करतेय!! २० व्हॉल्यूम आहे, केस कमरेपर्यंत, ब्लीचची एकच पुडी आहे. पुरेल ना?

पार्लरवाली
नाही पुरणार. दाट केसांची नुसती टोकं भिजवायलाच बरंच लागतं. एक बाजू झाली आणि संपलं तर काय करणार? आणि कानामागची बट करून बघितली का?

नवी पालवी
नाही :(

पार्लरवाली
मग आज फक्त ती करा.

नवी पालवी
ठीके. पण ती मागे आहे, मला दिसत नाही.

खटपटी
बघा!! मी पहिल्याच ओळीत काय विचारलं होतं?